मारेकरी, मदतनीस आणि एकच शिक्षा

"यातील नमूद आरोपी क्र. १ ते ९ यांनी संगनमत करून, गैरकायद्याची मंडळी जमवून, हातात काठ्या व कुऱ्हाड घेऊन फिर्यादीच्या भावास 'आज तुला जिवंत सोडत नाही' असे म्हणून..." बांधावरून झालेल्या खुनाची फिर्याद महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्यात साधारण अशीच लिहिली जाते. गाव बदलते, नावे बदलतात, वाक्य तेच राहते. नऊ जणांत कुऱ्हाड चालवणारा एक असतो. त्याच्या दोन भावांच्या हातांत काठ्या असतात. शिवाय बाप असतो, चुलता असतो, चुलत्याचा कॉलेजात जाणारा मुलगा असतो आणि घरातल्या एकदोन बायाही असतात. 'मारा, सोडू नका' असे ओरडण्याचे काम फिर्यादीत बहुधा या बायांच्याच वाट्याला येते.

मग नऊच्या नऊ जणांवर खुनाचे कलम लागते. पूर्वी भारतीय दंड संहितेचे ३०२ आणि जोडीला ३४ किंवा १४९ लागायचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे १०३ आणि जोडीला ३(५) किंवा १९० लागते. आकडे बदलले, मजकूर जवळपास जसाच्या तसा आहे. अनेकांनी मिळून, सर्वांचा एकच इरादा ठेवून गुन्हा केला, तर तो प्रत्येकाने एकट्याने केल्यासारखा धरायचा, हे ३(५). पाच किंवा अधिक जणांच्या बेकायदेशीर जमावातल्या एकाने जमावाच्या उद्देशासाठी गुन्हा केला, किंवा असे काही होणार याची बाकीच्यांना कल्पना होती, तर जमावातला प्रत्येक जण दोषी, हे १९०. चिथावणी देणारा, कट करणारा आणि मदत करणारा यांच्यासाठी अपप्रेरणेची कलमे वेगळी आहेत. तिथेही मूळ गुन्हा घडला की शिक्षा मूळ गुन्ह्याचीच.

साथ देणाऱ्याला दोषी धरण्याविरुद्ध मला काहीच म्हणायचे नाही. माझा आक्षेप आहे तो दोषी ठरल्यानंतरच्या पायरीला. खुनाला आपल्या कायद्यात शिक्षा दोनच आहेत, फाशी किंवा जन्मठेप. दोषी ठरलेला माणूस कुऱ्हाड चालवणारा असो, तिचा बेत आखणारा असो, की मोटारसायकल सुरू ठेवून कोपऱ्यावर थांबलेला असो, न्यायाधीशाला जन्मठेपेच्या खाली उतरता येत नाही. आणि १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ हे कलम आल्यापासून अशा कैद्याला सरकारने सूट द्यायची म्हटली तरी प्रत्यक्ष १४ वर्षे आत काढावी लागतात. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेनेही ही तरतूद तशीच ठेवली आहे. ही सक्ती मदतनिसापुरती काढून टाकावी, असे माझे मत आहे.

सामूहिक जबाबदारीचे तत्त्व कुठून आले ते आधी पाहू, कारण ते चुकीचे नाही. ३ ऑगस्ट १९२३ रोजी कलकत्त्याच्या शंकरीटोला पोस्टात उपपोस्टमास्तर मागच्या खोलीत पैसे मोजत बसले होते. अंगणाकडच्या दारात काही जण आले, त्यांनी पैसे मागितले, गोळ्या झाडल्या आणि पोस्टमास्तर तिथेच गेले. पळताना बारेंद्रकुमार घोष हा तरुण हातात पिस्तुलासह सापडला. मी बाहेर अंगणात उभा होतो, गोळी मी झाडलीच नाही, असा त्याचा बचाव होता. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे त्या काळच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेले. कोणाची गोळी लागली हे पाहायची गरजच नाही, असा निकाल लॉर्ड सम्नर यांनी दिला. 'जे नुसते उभे राहून वाट पाहतात, तेही सेवाच करतात' अशा अर्थाची एका इंग्रजी कवितेची प्रसिद्ध ओळ त्यांनी त्यात वापरली. भक्तिभावाची ओळ दरोड्याच्या खटल्यात आली आणि तिथेच राहिली. गेली शंभर वर्षे ती आपल्या कोर्टांत वाचून दाखवली जाते. निकाल बरोबरच होता. दरोड्याला पिस्तूल घेऊन निघालेल्या टोळीतला माणूस 'माझी गोळी नव्हती' म्हणून सुटू लागला, तर टोळ्यांना मोकळे रानच मिळेल.

पण त्याच प्रिव्ही कौन्सिलने १९४५ साली महबूब शाह खटल्यात दुसरी बाजू सांगितली. सिंधू नदीच्या काठी लव्हाळे कापण्यावरून भांडण झाले. ओरडा ऐकून दोघे जण बंदुका घेऊन धावत आले. एकाने एकावर गोळी झाडली, तो मेला. दुसऱ्याने, म्हणजे महबूब शाहने, दुसऱ्यावर झाडली, तो किरकोळ जखमी झाला. पहिला फरार झाला आणि फाशी झाली महबूब शाहला. प्रिव्ही कौन्सिलने ती रद्द केली. दोघांचा इरादा सारखा होता, पण सामाईक नव्हता. दोघांनी मिळून ठरवलेले काही नव्हते. या दोहोंमधला पडदा पातळ असतो, पण फरक खरा आहे आणि तो नजरेआड केला तर अन्याय होतो, असे निकालात म्हटले आहे.

हा फरक स्वतंत्र भारतात पक्का केला न्या. व्हिव्हियन बोस यांनी. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहून ते सर्वोच्च न्यायालयात गेले होते. पांडुरंग विरुद्ध हैदराबाद राज्य हा खटला मिरच्या तोडायला शेतात गेलेल्या एका कुटुंबाचा होता. १९५० च्या डिसेंबरातली दुपार. नदीच्या बाजूने ओरडणे ऐकू आले म्हणून मेहुणी आणि गडी धावले, तर पाच जण कुऱ्हाडी-काठ्यांनी घरच्या माणसावर तुटून पडलेले. यापेक्षा उघड 'संगनमत' काय असणार, असे कुणालाही वाटेल. बोस म्हणाले, थांबा. अनेक जण एकाच वेळी एकाच माणसावर चालून जातील, प्रत्येकाच्या मनात त्याला मारायचेच असेल, प्रत्येकाचा घाव जीवघेणाही असेल, तरी आधी मने जुळून बेत ठरला नसेल तर हे कलम लागत नाही. बेत आयत्या वेळी, जागेवरही ठरू शकतो, पण ठरला होता हे सरकार पक्षाने दाखवायला हवे. पांडुरंगची खुनाची शिक्षा गेली आणि त्याने स्वतः केलेल्या घावापुरता तो दोषी राहिला.

पुस्तकात हे शोभून दिसते. खालच्या कोर्टात काय होते? बेत ठरला होता का, याचा पुरावा म्हणजे बहुतेक वेळा परिस्थितीवरून काढलेला अंदाज. सगळे एकत्र आले, हातांत काहीतरी होते, एकत्र पळाले. एवढे कधी पुरते, कधी पुरत नाही. पुरले तर जन्मठेप, नाही पुरले तर दुखापतीची चारदोन वर्षे किंवा सरळ निर्दोष. मधली जागा नाही. काठी घेऊन पाठीमागे उभ्या राहिलेल्या विशीतल्या पोराला कमीत कमी चौदा वर्षे आत घालायचे की घरी पाठवायचे, एवढेच न्यायाधीशाच्या हाती असते. अशा वेळी न्यायाधीश काय करतो हे वकिलीत मुरलेला कोणीही सांगेल. जन्मठेप मनाला पटत नसली की समान इराद्याचा पुरावा 'अपुरा' दिसू लागतो. मेलेल्याच्या घरच्यांना मग नऊ आरोपींतले सहा जण निर्दोष सुटलेले पाहावे लागतात. सक्तीची जन्मठेप कडक दिसते, पण ती किती जणांना सोडवते याचा हिशेब कोणी मांडत नाही.

ज्याला हे प्रकर्षाने पाहायचे असेल त्याने गांधीहत्या खटल्याचा निकाल काढून शंकर किस्तय्याचे प्रकरण वाचावे. या खटल्याबद्दल मराठीत वर्षानुवर्षे एवढे लिहिले गेले, पण त्यातल्या सगळ्यात गरीब आरोपीकडे कोणी फारसे वळले नाही. पुण्यात शस्त्रांचा धंदा करणाऱ्या दिगंबर बडगेचा हा तेलुगू बोलणारा नोकर. मालाची ने-आण करायची, धनी सांगेल ते करायचे. २० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला हाउसवरचा पहिला प्रयत्न फसला, तेव्हा तो बडगेसोबत दिल्लीत होता. आपण करू तसे कर, अशी सूचना त्याला दिली होती, असे खुद्द बडगेने साक्षीत सांगितले. त्याच संध्याकाळी दोघे पुण्याला परत निघाले. ३० जानेवारीला शंकर दिल्लीत नव्हताच.

पुढे बडगे माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. त्याच्या सांगण्यावरून पेटाऱ्या वाहणारा नोकर मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात राहिला. १० फेब्रुवारी १९४९ रोजी न्या. आत्माचरण यांनी लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयात निकाल दिला. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी, शंकरसह पाच जणांना जन्मठेप, सावरकर निर्दोष. आपटेने गोळी झाडली नव्हती, पण त्याची फाशी समजण्यासारखी आहे, कारण कट त्याचा होता. शंकरचे काय? शंकरची शिक्षा कमी करून सात वर्षांवर आणावी, अशी शिफारस खुद्द न्यायाधीशांनीच सरकारकडे केली. शिक्षा त्यांनीच दिलेली आणि ती जास्त आहे हेही त्यांनाच दिसत होते, पण कायद्याने हात बांधलेले. जून १९४९ मध्ये पंजाब उच्च न्यायालयाने शंकरला आणि जन्मठेप झालेले दुसरे आरोपी डॉ. परचुरे यांना निर्दोष ठरवले, म्हणून शिफारशीचा प्रश्नच उरला नाही. देशातल्या सर्वांत गाजलेल्या खटल्यात न्यायाधीशाला आपल्याच निकालाविरुद्ध अर्ज केल्यासारखे करावे लागले आणि तरीही त्या कलमाकडे सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत कोणाला बघावेसे वाटले नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातले राईनपाडा. रविवारचा बाजार. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरलेली. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. या पाचांपैकी कोणाला कोणाचा घाव लागला हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. २००६ च्या सप्टेंबरात खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना गावातल्या जमावाने मारले, तिथेही तेच. अशा ठिकाणी जमावाचे कलम नसते, तर 'मी होतो पण मारले नाही' असे सगळ्यांनी म्हणायचे आणि मारणारा कुणीच नाही, असा निकाल लागला असता. दलित, भटके, परके यांच्यावर गाव तुटून पडते तेव्हा जमाव हेच हत्यार असते. नुसती बघ्यांची संख्यासुद्धा मारणाऱ्याला बळ देते. त्यामुळे १९० रद्द करा किंवा पातळ करा, अशी मागणी करणाऱ्यांत मी नाही.

जमावाच्या खटल्यात निरपराधही ओढले जातात, हे सर्वोच्च न्यायालयाला १९६४ सालीच दिसले होते. मूळचे साताऱ्याचे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी मसालती खटल्यात दोन गोष्टी एका दमात सांगितल्या. जमावात असणे पुरे, प्रत्येकाने काहीतरी केल्याचा स्वतंत्र पुरावा लागत नाही. पण आरोपी खूप आणि मेलेलेही खूप असतील तिथे दोन-तीन किंवा अधिक साक्षीदार ज्याच्याबद्दल एकसारखे बोलतात त्यालाच दोषी धरावे. नुसता पाहायला आलेला आणि जमावात सामील झालेला यांच्यात भेद करायचा हा मराठमोळा व्यवहारी उपाय होता. साक्षीदार मोजून माणूस वाचवता येतो का, यावर वाद घालता येईल, पण गजेंद्रगडकरांसमोर तेव्हा दुसरे साधनही नव्हते. आज आहे. मोबाइलचे लोकेशन, कॉल रेकॉर्ड, चौकातले सीसीटीव्ही, आणि सगळ्यात विचित्र म्हणजे जमावानेच आपल्या हाताने काढून पसरवलेले व्हिडिओ. कोण दार अडवून उभा होता, कोण दगड मारत होता आणि कोण कडेला होता, हे पूर्वी कळणे अशक्य होते तेवढे आता नाही. तपासाने ते कळून घेतले आणि तरी शिक्षा सगळ्यांना तीच द्यायची असेल, तर कळून उपयोग काय?

दोष ठरवणे आणि शिक्षा ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जर्मन दंड संहितेने साफ लिहून ठेवले आहे. तिथे मिळून गुन्हा करणारा आणि चिथावणी देणारा यांना मूळ गुन्हेगाराइतकीच शिक्षा होऊ शकते. नुसता मदतनीस असेल तर मात्र शिक्षा कमी करावीच लागते. गुन्ह्याला जन्मठेप असेल, तर मदतनिसासाठी तिची जागा तीन वर्षांपासून पुढची मुदतीची कैद घेते. तीन वर्षे हा आकडा आपल्याला परवडणार नाही, असे मलाही वाटते. पण बेत आखणारा आणि ओझे वाहणारा वेगळे करण्याची रीत घेण्यासारखी आहे.

इंग्लंडचा धडा आणखी जवळचा, कारण आपली कलमे त्याच मातीतली. १९८५ साली हाँगकाँगहून आलेल्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने नियम घातला. सोबत्याच्या हातून खून होऊ शकेल एवढे ज्याच्या ध्यानात होते, तोही खुनी. पुढची एकतीस वर्षे त्या नियमाखाली टोळक्यात असलेली पोरे जन्मठेपेवर गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जोगी खटल्यात कबूल केले की कायद्याने तेव्हा चुकीचे वळण घेतले होते. कल्पना असणे हा इराद्याचा पुरावा असू शकतो, पण कल्पना म्हणजेच इरादा नव्हे. जोगीवर पुन्हा खटला चालला. बाहेर उभा राहून खून करणाऱ्या मित्राला चिथावल्याबद्दल तो खुनी ठरला नाही, सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरला आणि त्याला बारा वर्षे झाली. तो सुटला नाही, हे लक्षात घ्यावे. त्याला त्याच्या वाटणीची शिक्षा झाली. आपल्या १९० च्या दुसऱ्या भागात तो 'कल्पना होती'वाला निकष अजून जसाच्या तसा आहे.

नवी संहिता लिहिताना हे सगळे डोळ्यांसमोर होते. झाले काय? १०३(२) हे नवे पोटकलम आले. वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केला, तर गटातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. झुंडबळीला कायद्याने वेगळे ओळखले हे चांगलेच झाले, ती मागणी रास्त होती. पण शिक्षेच्या बाबतीत त्यात नवे काहीच नाही. खुनाला आधीपासून हेच दोन पर्याय होते. अफवा पेरणारा आणि जमाव गोळा करणारा एकीकडे, ढकलाढकलीत ओढला गेलेला दुसरीकडे, असा भेद करायची चालून आलेली संधी दवडली.

मला हवी ती दुरुस्ती दोन ओळींची आहे. खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीने स्वतः घाव घातला नसेल, बेत आखला नसेल आणि चिथावणी दिली नसेल, तर न्यायालयाला कारणे नोंदवून जन्मठेपेऐवजी मुदतीची शिक्षा देता यावी, आणि ती सात वर्षांपेक्षा कमी नसावी. 'देता यावी', 'द्यावी' नव्हे. राईनपाड्यासारख्या प्रकरणात दार अडवून उभ्या राहिलेल्याला न्यायाधीश जन्मठेपच देईल, आणि द्यावीच. दार अडवले नसते तर माणसे जगली असती.

यावर सुपारीचे काय, असा प्रश्न येणार. प्रत्येक टोळी मग 'हा फक्त ड्रायव्हर' म्हणून एक पोरगा पुढे करील. करू दे. सुपारी देणारा, घेणारा आणि गोळी मारणारा यांना या सवलतीचा स्पर्श होत नाही. आणि ड्रायव्हरलाही सूट हक्काने मिळत नाही. तो किती वेळा गेला, पैसे किती घेतले, आधीच्या गुन्ह्यात होता का, हे न्यायाधीश पाहील. उलट सातआठ वर्षांची शक्यता दिसली, तर हाच ड्रायव्हर वरच्या माणसाचे नाव सांगायला तयार होईल. आज त्याच्यापुढे दोनच रस्ते असतात. माफीचा साक्षीदार होऊन पूर्ण सुटायचे, नाहीतर तोंड बंद ठेवून जन्मठेप भोगायची. माफी कोणाला द्यायची ही निवड बहुतेक वेळा तपासाच्या सोयीने होते. पाच जणांतल्या एकाला पूर्ण सोडता येते आणि त्याच्यापेक्षा कमी दोषी असलेल्याची दोन वर्षे कमी करता येत नाहीत, हे तर्काला धरून कसे?

घरी बसून सूत्रे हलवणाऱ्याबद्दल माझी मागणी नेमकी उलटी आहे. त्याच्यावर कलमे पुरेशी आहेत, पुरावा गोळा केला जात नाही. फिर्यादीत नऊ नावे घालायला दहा मिनिटे लागतात. खुनाच्या आधीचे पंधरा दिवस कोणाचे फोन कोणाला झाले, पैसे कुठून आले, हे काढायला महिने लागतात. नऊ नावे सापडली की तपास झाल्यासारखा वाटतो, दहावे राहून जाते, आणि ते दहावे नाव बहुधा गावात वजन असलेल्या माणसाचे असते.

फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत आहे, त्यामुळे महाराष्ट्र विधिमंडळालाही राष्ट्रपतींच्या संमतीने अशी दुरुस्ती करता येते. डिसेंबर २०२१ मध्ये त्याने 'शक्ती' विधेयक मंजूर केले होते, त्यात काही गुन्ह्यांसाठी फाशी वाढवली होती. त्याला दिल्लीहून संमती मिळाली नाही, पण सभागृहात दोन्ही बाजूंनी ते उचलून धरले गेले. शिक्षा कमी करण्याचे विधेयक मांडायला कोणी आमदार उभा राहील, अशी माझी अपेक्षा नाही. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी मथळा काय येईल हे तो जाणतो.

पण विधिमंडळाशिवायही एक काम लगेच करता येण्यासारखे आहे. आरोप निश्चित करताना न्यायाधीश सरकारी वकिलाला विचारू शकतो की आरोपी क्रमांक सातने नेमके काय केले, ते कोणी पाहिले, आणि कुऱ्हाड निघाली आहे हे त्याला कधी कळले. तपासी अंमलदाराने दोषारोपपत्रात प्रत्येक आरोपीपुढे या तीन गोष्टी स्वतंत्र लिहाव्यात, असा आदेश पोलीस महासंचालकांच्या एका परिपत्रकाने देता येतो. 'संगनमत करून' लिहून पुढे जायची सोय तेवढ्याने बंद होईल. काही क्रमांक सातपुढची जागा कोरी राहील, आणि ती कोरी राहिल्याचे खटला उभा राहण्याआधीच दिसेल. आज ते दिसेपर्यंत त्याची चारपाच वर्षे कच्च्या कैदेत गेलेली असतात.